संत तोमासचा खण

विल्यारिका गावात दुपारी साडेअकरा ते अडीच या वेळात दोनच गोष्टी जाग्या असतात असं मानतात. एक, उन्हात शीळ घालत फिरणारा सोनेरी केसांचा बुटका जासी जातेरे, जो न झोपणाऱ्या पोरांना उचलून नेतो. आणि दुसरी, न झोपणारी पोरं. बाकी न्यायाधीशापासून घोडागाडीच्या घोड्यापर्यंत सगळं गाव डोळे मिटून असतं. त्यामुळे त्या फेब्रुवारीत लोकांच्या दाराखालून कागद सरकू लागले, आणि तेही नेमके याच वेळात, तेव्हा पहिला संशय जासी जातेरेवर गेला आणि दुसरा निमिया फ्लोरेन्तीनवर. जासी जातेरेचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. निमियाचा सगळ्यांना माहीत होता.

कागद साधाच असे, चार घड्यांचा. वर घराचा पत्ता आणि ज्याला द्यायचा त्याचं नाव. आत तीन ओळी: मुलाचं नाव, बापाचं नाव, आणि शक्यता ९९.९८ टक्के. एवढ्या तीन ओळींत काय होऊ शकतं हे गावानं तीन आठवड्यांत पाहिलं. चौकातले दोन दुकानदार, जे तीस वर्षं एकमेकांच्या सावलीवर थुंकत होते, ते एकाच बापाचे सावत्र भाऊ निघाले. आता ते एकमेकांच्या सावलीवर थुंकत नाहीत, तोंडावर थुंकतात. एक लग्न चर्चच्या पायरीवरून परत आलं. बँडमधला तुतारीवाला सकाळी ब्रह्मचारी म्हणून उठला आणि दुपारच्या झोपेनंतर तीन पोरांचा बाप म्हणून उठला. तो मात्र खूश होता. घरोघर जाऊन पोरांच्या फुंकरीचा जोर तपासून आला.

असे निकाल गावात एकाच ठिकाणी असत: साल्सेदो प्रयोगशाळेत. कै. डॉक्टर वेन्सेस्लाओ साल्सेदो यांनी बावीस वर्षं गावाचं रक्त तपासून कोण कोणाचं याचा निवाडा दिला होता. ते सारे निकाल मागच्या खोलीत, रक्ताच्या फ्रिजशेजारी, एका डिस्कवर होते. डिस्कवरचा मजकूर असा कालवून ठेवलेला होता, की परवलीचा शब्द दिल्याशिवाय तिच्यात नुसता भुसा दिसे. शब्द दिला की भुशाचे पुन्हा दाणे होत. ही व्यवस्था आठ वर्षांपूर्वी निमियानं केली होती. गावात असलं काम जाणणारी ती एकटीच, त्यामुळे आधी कौतुक तिच्या एकटीच्या वाट्याला आलं होतं आणि आता बाकीचंही येत होतं. चिपा, म्हणजे चीजचे गरम पाव, विकणारी बाई टोपली घेऊन तिच्या दारावरून न थांबता जाऊ लागली होती. विल्यारिकात चिपावाली थांबली नाही, की माणसानं आपल्या मयताची तयारी करावी.

कुलूप निमियानं स्वतः घडवलं नव्हतं. तेवढी ती शहाणी होती. दूर कुठल्याशा थंड देशातल्या लोकांनी लिहून फुकट वाटलेली एक लायब्ररी तिनं वापरली होती, म्हणजे तयार कामांची पेटीच. तिला सांगायचं: डिस्क उघड, मीट, नवी किल्ली घाल, जुनी काढ. ती निमूट करते, आणि काय केलं ते एका आकड्यात परत कळवते. निमियाची आई शेजारणींना सांगे, "आमची निमिया लायब्ररी चालवते." शेजारणी म्हणत, "मग एखादी कादंबरी आण की म्हणावं."

या कुलपाला आठ खण होते. प्रत्येक खणात एकेका माणसाची किल्ली, म्हणजे त्याचा परवलीचा शब्द. कोणत्याही एका किल्लीनं डिस्क उघडे. खणांचे क्रमांक शून्य ते सात. हे निमियानं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं ते प्रयोगशाळेच्या अंगणात, आंबट संत्र्याच्या झाडाखाली, तेरेरेच्या बैठकीत. तेरेरे पिण्याची रीत तिथे अशी: शिंगाच्या पेल्यात, म्हणजे ग्वाम्पात, येर्बा नावाच्या झाडाचा सुका पाला भरायचा, वर बर्फाचं पाणी ओतायचं, आणि पहिला पेला कोणी प्यायचा नाही. तो झाडाच्या बुंध्याशी ठेवायचा. तो संत तोमासचा. चार-पाच मिनिटांनी बघावं तर पाणी खाली गेलेलं असतं. पाला पाणी शोषून घेतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि संत पितो हेही सगळ्यांना माहीत आहे. या दोन माहित्यांचं गावात कधी भांडण झालेलं नाही.

"शून्य?" डॉक्टरांच्या बायकोनं, न्या (म्हणजे तिकडे बाईसाहेब) एलादियानं, तेव्हा विचारलं होतं. "म्हणजे पहिल्याच्याही आधीचा?"

"हो, मोजणी तिथूनच सुरू होते."

"मग तो संत तोमासचा. त्याला कोणी हात लावायचा नाही."

डॉक्टर हसले होते, पण 'नको' म्हणाले नव्हते. निमियालाही त्यात काही जड नव्हतं. कोणत्या खणात किल्ली घालायची ते लायब्ररीला सांगता येतं. तिनं सांगितलं, एकपासून सुरू कर. एक डॉक्टरांचा, दोन न्या एलादियाचा, तीन त्यांचा मुलगा आल्दो याचा, चार रक्त काढणारे काराई (म्हणजे श्रीयुत) सिन्फोरियानो यांचा, पाच स्वतःचा. शून्य रिकामा. डॉक्टर गेल्या वर्षीच्या जानेवारीत वारले तेव्हा नऊ दिवसांची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांसमक्ष एक नंबरची किल्लीही काढून टाकली. न्या एलादिया तेवढ्यानं रडली. दफनाच्या वेळी ती रडली नव्हती.

तर त्या सोमवारी आल्दोनं निमियाला बोलावलं. आल्दो साल्सेदो आता प्रयोगशाळेचा मालक. पाच वर्षं परदेशात शिकून डॉक्टर होऊन आलेला, उंचापुरा. ही उंची कोणावर गेली याबद्दल गावात मतभेद होते, कारण थोरले डॉक्टर खुर्चीवर उभे राहिले तरच चारचौघांत दिसत.

"एकोणीस कागद झाले, निमिया," तो म्हणाला. "काल बाजारात एका म्हातारीनं माझ्या अंगावर वांगं फेकलं."

"लागलं का हो?"

"वांग्याचं नाही विचारत मी! भोक कुठंय ते सांग. शुक्रवारपर्यंत सापडलं तर ठीक. नाहीतर शनिवारी सरकारी वकिलाकडे तक्रार, आणि तक्रारीत नाव तुझं. दुसरं कोणाचं घालू? आईला प्रिंटर चालू करता येत नाही, आणि सिन्फोरियानो अजून कॅलेंडर उलटं लावतो."

"मी असं का करीन, डॉक्टर?"

"ते तू वकिलाला सांग. मला भोक सांग."

निमिया घरी आली. घरात आई होती, जी हल्ली शेजारणींना काहीच सांगत नसे. तुरुंग त्यांच्या गच्चीवरून दिसत असे. आजवर निमियानं त्याच्याकडे फक्त कपडे वाळत घालताना पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा त्याच्या खिडक्या मोजल्या.

मंगळवारी सकाळी तिनं आपला आठ वर्षांपूर्वीचा प्रोग्राम उघडला आणि कपाळावर हात मारला. डिस्क उघडली की लायब्ररी दर वेळी सांगत असे, कितव्या खणातल्या किल्लीनं उघडली. निमियाच्या प्रोग्रामला एवढंच हवं होतं, की उघडली की नाही. आकडा तो टाकून देई. आठ वर्षं लायब्ररी इमानानं सांगत होती आणि निमिया 'बरं बरं' म्हणत पुढे जात होती, जुन्या संसारात चालतं तसं. तिनं एक ओळ वाढवली: वेळ आणि खणाचा आकडा लिहून ठेव.

संध्याकाळी पाहिलं. सकाळी दहा, खण चार: काराई सिन्फोरियानो, बरोबर. दुपारी अडीच, खण तीन: आल्दो, बरोबर. आणि मध्ये एक ओळ.

बारा चाळीस. खण शून्य.

निमियानं ती ओळ वाचली, मग उठून दार लावलं, मग पुन्हा वाचली. दार कशासाठी लावलं ते तिला सांगता आलं नसतं. तिनं लायब्ररीला खणांची यादी विचारली. शून्य: भरलेला. हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. संताच्या खणात कोण डोकावतं?

बुधवारी साडेअकराला काराई सिन्फोरियानोनं डिस्क मिटली, दारं लोटली आणि निमियाला विचारलं, "तुम्ही नाही येत?"

"मला जरा काम आहे."

"दुपारच्या झोपेत?" त्यानं छातीवर क्रूस काढला. "शीळ ऐकू आली तर उत्तर देऊ नका, बाई. माझ्या चुलत्यानं दिलं होतं. सापडला, पण तेव्हापासून डावखुरा झाला."

मग सगळं गप्प झालं. विल्यारिकातल्या दुपारची शांतता ज्यानं ऐकली नाही त्याला ती सांगून उपयोग नाही. अंधारात निदान काही दिसत नाही याचा दिलासा असतो. इथे सगळं लख्ख दिसतं आणि काहीच हलत नाही. उन्हात अंगण पांढरं पडलं होतं. झाडावरचं संत्रं संत्र्यासारखं दिसत होतं, पण कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं स्थिर. झाडांवरचे किडे किरकिरत होते, तेही बाराच्या सुमारास, कोणी बोट दाखवावं तसे एकदम थांबले. निमिया यंत्रापासून तीन हात दूर बसली, हात मांडीवर, म्हणजे नंतर स्वतःलाच शपथेवर सांगता यावं, की मी हात लावला नव्हता.

बारा चाळीसला डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकला.

कळफलकाची एकही कळ खाली गेली नाही. पडद्यावर तिचीच ओळ उमटली: उघडली. खण शून्य. दिवा थोडा वेळ धडधडत राहिला, शोधणारं माणूस फायली चाळतं तसा. मग कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला. डॉक्टर असेच खाकरत, वाईट निकाल सांगण्याआधी. निमियाला हे आठवायला नको होतं. एक कागद बाहेर आला आणि ट्रेमध्ये पालथा पडला. ओळ उमटली: मिटली.

आणि तिच्या मागचं दार उघडलं.

"बाई गं! तू इथं?" न्या एलादिया दारात होती. पायात सपाता, हातात काळी छत्री, ओठाला लाल रंग. "मला वाटलं, उंदीर."

म्हातारीनं ट्रेमधला कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरून वरचा पत्ता वाचला, आणि चार घड्या घातल्या.

"न्या एलादिया," निमिया म्हणाली, "हे कागद तुम्ही वाटता?"

"मग कोण वाटणार? सिन्फोरियानो? त्याला पत्ता सांगितला तर नदीत जाऊन उभा राहील."

"कोणी सांगितलं तुम्हाला वाटायला?"

"सांगायचं काय त्यात? बावीस वर्षं तो छापत होता, मी पोचवत होते. लोक झोपलेले असताना पोचवायचे, म्हणजे दारात तमाशा नको. मध्ये एक वर्ष बंद होते. त्याच्या वर्षाची प्रार्थना झाली, दुसऱ्या दिवशी इथं फुलदाणी घ्यायला आले, तर कागद तयार. म्हटलं, सुरू केलेलं दिसतंय."

"कोणी सुरू केलेलं?"

म्हातारीनं तिच्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या माणसांची कीव यावी. "पोरी, तो हयात असतानासुद्धा मी कधी विचारलं नाही, आता मेल्यावर विचारू? कामं राहिली असतील त्याची."

"आत काय लिहिलंय ते वाचता?"

"दुसऱ्याचं पत्र वाचू?" न्या एलादिया खरोखर दुखावली. "साल्सेदोच्या घरातली आहे मी." तिनं छत्री उघडली आणि पांढऱ्या उन्हात निघून गेली. रस्त्यावर तिची सावली नव्हती. ऊन अगदी डोक्यावर होतं, त्यामुळे कोणाचीच नसते. तरी निमियानं खिडकीतून बघायला नको होतं.

मग ती शोधाला लागली. तासाभरात सापडलं. यंत्राच्या मागच्या बाजूला, जखमेवर लावतात त्या चिकटपट्टीनं चिकटवलेला एक पेनड्राइव्ह होता. आणि यंत्रात, कोणी बघत नाही अशा जागी, दीड पानाचा एक बोजड प्रोग्राम. तो दर दुपारी बारा चाळीसला जागा होई, पेनड्राइव्हमधली किल्ली घेई, निमियाच्याच प्रोग्रामला हाक मारून डिस्क उघडवी, साठ नावांच्या यादीतलं पुढचं नाव छापी, आणि मिटून झोपी जाई. सुरुवातीची तारीख डॉक्टरांच्या वर्षाच्या प्रार्थनेनंतरची. माथ्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'हे निकाल मी दाबून ठेवले. कोणाच्या शब्दाखातर, कोणाच्या ओळखीखातर, एक तर गाईखातर. गाय चांगली होती. जिवंतपणी तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. निमियाला दोष देऊ नये, तिनं फक्त शिकवलं.'

तिला आठवलं. शेवटच्या आजारपणात डॉक्टर वेळ जात नाही म्हणून तिच्याकडून हे शिकत. मोठा चिकट विद्यार्थी. एकदा त्यांनी विचारलं होतं, "नवी किल्ली घालताना खणाचा नंबर सांगायला विसरलो तर?" तिनं सांगितलं होतं, "तर लायब्ररी आपली पहिला रिकामा खण धरते." दोघंही हसले होते. पहिला रिकामा खण कोणता, ते तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरांच्या आलं होतं की ते खरंच विसरले, हे आता कोणाला विचारणार?

तिनं यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. एकवीस कागद गेले होते. एकोणचाळीस नावं उरली होती. त्यांत तिचं स्वतःचं नव्हतं, हे तिनं सर्वांत आधी पाहिलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी दहा वाजता अंगणात बैठक भरली. काराई सिन्फोरियानोनं पुदिना आणि कसली कसली मुळं खलात ठेचून पाण्यात टाकली, पहिला ग्वाम्पा भरला, बुंध्याशी ठेवला. निमियानं सगळं सांगितलं. फक्त कागद कोण वाटतं ते सांगितलं नाही; पण न्या एलादियानंच मध्ये तोंड घातलं, "मी वाटते. त्यात काय?"

आल्दोनं बापाचं दीड पान वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"निमियाला दोष देऊ नये, म्हणे! तिनं फक्त शिकवलं! अहो, चोराला दार दाखवणारा कोण मग?"

"चोर कोणाला म्हणतोस?" न्या एलादिया म्हणाली. "बाप आहे तो तुझा."

"आई, तू आत जाऊन पड बरं."

"मी दुपारची पडत नाही, आल्दितो. वर्ष झालं."

आल्दोनं तो प्रोग्राम पुसायला लावला. पेनड्राइव्ह फरशीवर ठेवून त्याच्यावर टाच मारली, आणि तो फुटेना तेव्हा खलात घालून बत्त्यानं ठेचला. काराई सिन्फोरियानोनं खलाकडे दुःखानं पाहिलं. "आता यात पुदिना कसा कुटू?"

"आता ती शून्यातली किल्ली काढा," आल्दो म्हणाला.

यालाही एक रीत होती, डॉक्टरांनीच घालून दिलेली, आणि निमियानं ती प्रोग्राममध्ये बसवलेली. कोणाचीही किल्ली काढायची, तर आणखी दोघांनी आपापला शब्द टाइप करायचा. एकट्यानं कोणाला हाकलायचं नाही. आल्दोनं आपला शब्द टाइप केला आणि सिन्फोरियानोकडे पाहिलं.

"धाकटे डॉक्टर, मी रक्त काढतो," सिन्फोरियानो म्हणाला. "संताच्या तोंडचं काढणं माझ्याच्यानं होणार नाही."

"संताचा काय संबंध? तिथं बाबांची किल्ली आहे!"

"खण कोणाचा आहे?"

आल्दोनं आईकडे पाहिलं. न्या एलादिया झाडाच्या बुंध्याशी ठेवलेल्या ग्वाम्पाकडे बघत होती. "मी एकदा त्याची किल्ली काढली," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा काढणार नाही."

राहिली निमिया.

"तू शब्द टाकलास, तर मी आत्ता लिहून देतो," आल्दो म्हणाला, "की भोक बाबांनी पाडलं आणि तू बुजवलंस. नाही टाकलास तर उद्या तक्रार. बघ."

गुरुवारचा कागद गेल्यावर उरलेली अडतीस दारं निमियाला दिसली, ज्यांच्याखालून आता काही सरकणार नव्हतं. मग तिला गच्चीवरून दिसणाऱ्या खिडक्या दिसल्या. त्या बावीस होत्या. तिनं कोणाकडे न बघता आपला शब्द टाइप केला.

लायब्ररीनं लगेच कळवलं: काढली. यादी: शून्य रिकामा. आल्दोनं कागद लिहून सही केली. तेरेरे कोणी प्यायलं नाही. उठताना सिन्फोरियानो ग्वाम्पाकडे वाकून म्हणाला, "अजून काठोकाठ आहे."

शनिवारी निमियाला प्रयोगशाळेत जायचं कारण नव्हतं. सहीचा कागद तिच्या पर्समध्ये होता, आणि सकाळी चिपावाली थांबलीसुद्धा होती. तरी साडेबाराला ती त्याच खुर्चीवर, तीन हात दूर, हात मांडीवर घेऊन बसली होती. प्रोग्राम पुसलेला. किल्ली ठेचलेली. खण रिकामा. तिनं बसण्यापूर्वी पुन्हा एकदा यादी विचारली होती: शून्य, रिकामा.

झाडांवरचे किडे थांबले. दूर, उसाच्या शेतांकडून, कोणीतरी दोन सुरांची शीळ घातली. ती तुतारीवाल्याच्या पोरांपैकी कोणाची असावी असं निमियानं ठरवून टाकलं.

बारा चाळीसला हिरवा दिवा लुकलुकला.

उघडली. खण शून्य.

या वेळी दिवा फार वेळ धडधडला. चाळणाऱ्याला घाई नव्हती, किंवा हवं ते फार खाली होतं. प्रिंटर खाकरला. कागद आला. मिटली.

निमिया हलली नाही. सपाता वाजल्या, न्या एलादिया आत आली, जणू काल काही घडलंच नव्हतं. तिनं कागद उचलून लांब धरला.

"अगंबाई," ती म्हणाली. "हा तर आमचाच पत्ता. नाव आल्दितोचं."

निमियानं ती यादी दोनदा वाचली होती. साल्सेदोंचा पत्ता त्यात नव्हता.

"न्या एलादिया, तो नका देऊ. इकडे द्या."

म्हातारी थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. वरच्या पत्त्यापुरतंच, नजर खाली गेली नाही, हे निमियानं नीट पाहिलं. लाल ओठ किंचित हलले. मग तिनं चार घड्या घातल्या, नखानं प्रत्येक घडी दाबून.

"बावीस वर्षांत मी एकही कागद ठेवून घेतला नाही, पोरी," ती म्हणाली. "आता ठेवला तर गावाला वाटेल, हिनं आपल्या घरचा तेवढा ठेवला." आणि छत्री उघडून ती निघाली. आज तिला लांब जायचं नव्हतं. अंगण ओलांडलं की घराचं दार. ती वाकली, कागद सरकवला, कंबरेला हात लावून उठली, आणि झाडाच्या सावलीत जाऊन बसली.

रविवारी निमियानं त्या थंड देशातल्या लोकांना पत्र लिहिलं, की तुमच्या लायब्ररीत रिकाम्या खणातल्या किल्लीनं डिस्क उघडते. सोमवारी सकाळी उत्तर आलं, अतिशय सभ्य. असं होऊ शकत नाही. कृपया पुन्हा तपासून पाहा. आणि शेवटी: तुमच्याकडे शून्य खण कोणाला दिलेला आहे? निमियानं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी 'माझीच चूक झाली असावी, धन्यवाद' असं लिहून मोकळी झाली.

दहा वाजता आल्दो अंगणात आला. दाढी केलेली नव्हती. त्यानं तक्रारीचा कच्चा मसुदा निमियासमोर फाडून त्याचे तुकडे खिशात घातले. त्या दुपारच्या कागदाबद्दल तो तेव्हाही बोलला नाही आणि पुढेही कधी नाही. आई समोरच बसली होती, छत्री मांडीवर. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती, किंवा आळीपाळीनं पाहत होती.

"उरलेले," आल्दो निमियाला म्हणाला, "येतील ना?"

"मला माहीत नाही, डॉक्टर."

"येऊ देत."

काराई सिन्फोरियानो ग्वाम्पा भरायला पुढे झाला, पण आल्दोनं तो त्याच्या हातातून घेतला. आजवर त्यानं हे कधी केलं नव्हतं. परदेशातून आल्यापासून तो याला पाण्याची नासाडी म्हणत असे. त्यानं पाला भरला, बर्फाचं पाणी काठोकाठ ओतलं, आणि वाकून पेला बुंध्याशी ठेवला. मग चौघंही थांबले.

पाच मिनिटांनी सिन्फोरियानोनं पेला उचलला. आत बघितलं. मग तळहातावर उपडा केला. पाला पाणी शोषून घेतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण तळहातावर पडला तो पालाही कोरडा होता, बरणीतून नुकताच काढल्यासारखा.

"ऊन फार आहे," सिन्फोरियानो म्हणाला, आणि दुसरा पेला भरायला लागला.